आमच्या घरमालकांचे किडे

जाफराबाद तालुक्यातल्या निम्म्या माणसांच्या दातांतला मळ आमच्या घरमालकांनी कधी ना कधी काडीवर टिपून नेलेला आहे, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी होणार नाही. उरलेली निम्मी माणसं सुटली, कारण सर समोरून येताना दिसले की ती ओठ घट्ट मिटून गल्ली बदलतात. माणूस भेटला की आपण त्याचे डोळे बघतो, कपडे बघतो, फार तर पायातल्या चपला बघतो. सर थेट तोंडात बघतात. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, नातीगोती तर मुळीच नाहीत. पण समोरचा हसला की त्यांना सगळी ओळख पटते. एकदा वीजबिल घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी उंबऱ्यावरच थांबवलं, कपाळाला आठ्या घालून न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही ते खालच्या डाव्या दाढेवालेच ना? काय किडे होते हो तुमचे. लई तरतरीत." तो माणूस बिल माझ्या हातात कोंबून निघून गेला, आणि पुढच्या महिन्यापासून आमचं बिल फाटकाच्या जाळीत खोचलेलं मिळायला लागलं.

सर म्हणजे आमच्या भागातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक, आणि मी त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना चालवणारी दातांची डॉक्टर. माझा नवरा बँकेत आहे, त्याची बदली नांदेडला झालेली. तो शनिवारी येतो आणि सोमवारी सकाळच्या एसटीनं जातो. मधले दिवस मी, माझी पेशंटची खुर्ची आणि घरमालक. जागा शोधत फिरत होते तेव्हा इतर घरमालकांनी मला आडनाव विचारलं, नवरा काय करतो ते विचारलं, मटण शिजवता का तेही विचारलं. सर म्हणाले, भाड्याचं मागून बोलू, आधी आ करा. दुसऱ्याला आ करायला सांगण्याचा हक्क आपला, अशी माझी तोवर समजूत होती. पण काय झालं कोणास ठाऊक, मी निमूटपणे आ केला. सरांनी सदऱ्याच्या खिशातून ब्रशची प्लॅस्टिकची डबी काढली, तीतून कापूस गुंडाळलेली काडी काढली, माझ्या शेवटच्या दाढेमागून फिरवली आणि आत जाऊन काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मोठ्या समाधानानं सांगितलं की डॉक्टर लोकांच्या तोंडातबी आपल्यासारखेच असतात. जागा मला मिळाली.

सरांचं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य एका वाक्यावर उभं होतं: दात किडवणाऱ्या जंतूंना मध मारतो. हे ते नुसतं म्हणत नसत, करून दाखवत. काचेच्या बशीत जेलीसारखं खाद्य थिजवायचं, त्यावर कोणाच्या तरी दातातले जंतू पसरायचे, जेलीला बारीक नळीनं गोल भोकं पाडायची आणि एका भोकात खरा मध, दुसऱ्यात खोटा मध भरून बशी उबेत ठेवायची. या भोकांना ते विहिरी म्हणत. दोन दिवसांनी बघावं तर खोट्या मधाच्या अगदी काठापर्यंत जंतूंची पांढुरकी साय दाटलेली असे, आणि खऱ्या मधाच्या विहिरीभोवती स्वच्छ, रिकामं कडं. ते कडं पट्टीनं मोजताना सरांचा चेहरा नातवाची उंची मोजणाऱ्या आजोबांसारखा होई. खोटा मध म्हणजे गुळाचा पाक. कोणीतरी दारावर मध म्हणून विकून गेलेला, लाल झाकणाच्या बाटलीतला. त्यानं आजवर एकाही जंतूचा केस वाकडा केला नव्हता आणि म्हणूनच तो सरांना हवा असे. खऱ्याचं खरेपण दाखवायला शेजारी एक पक्का खोटा लागतो, असं ते सांगत, आणि ती लाल झाकणाची बाटली फडताळात जपून ठेवत. पाक संपत आला की स्वतः नवा करून त्याच बाटलीत भरत.

मला यातलं बरंचसं मान्य होतं आणि तरी मी भांडायची. मधात जंतू मारायची ताकद आहे हे डोळ्यांनी दिसत होतं. पण तोंड म्हणजे काही काचेची बशी नव्हे. तिथे लाळ असते, लाळेनं मध पातळ होतो, आणि पातळ झालेला मध म्हणजे शेवटी साखर, आणि साखर म्हणजे जंतूंना जेवणाचं आमंत्रण. सरांना स्वतःला साखरेचा आजार, त्यामुळे मधाचं बोटसुद्धा ते कधी जिभेला लावत नसत. आमचा वाद कायम तत्त्वाचाच राहिला. तोंडाचा दोष मधाच्या माथी काहून मारता, असं ते विचारत. बशी कशी शहाण्यासारखी गप बसते, माणूस गप बसत न्हाई, दिवसभर बोलतो, च्या पितो, तंबाखू मळतो, मंग मध बिचारा काय करणार.

हा वाद घरात राहिला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण सर येऊन बसायचे माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर. पेशंट गाल धरून बसलेला असे आणि शेजारी सर त्याला मधाच्या विहिरी समजावत असत. धावड्याहून आलेल्या एका बाईंची दाढ मी अर्धी साफ करून, औषध भरून, पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं होतं. त्या आल्याच नाहीत. महिन्याभरानं बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या की बाहेर बसतात त्या मोठ्या डॉक्टरांनी मध सांगितला होता, तोच लावून राह्यले. मी घरी येऊन सरांसमोर उभी राहिले आणि जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी फक्त विचारलं की बाईंनी मध कोणता लावला. मी बधले नाही. शेवटी काकूंनी मध्ये पडून तह घडवून आणला: सरांनी बाकावर बसावं, बोलावं, पेशंटनं हो म्हटलं तर काडीही फिरवावी, पण निघताना प्रत्येकाला सांगावं की मध हा औषध न्हाई, अजून अभ्यासात आहे, दाढ डॉक्टरीनबाईकडूनच नीट करून घ्या. सरांनी हा तह अक्षरशः पाळला. फक्त ते वाक्य ते अशा पडेल आवाजात म्हणत की पेशंटला वाटे, या म्हातारबांवर कोणीतरी जुलूम करून राह्यलं आहे.

प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघराचाच अर्धा भाग. घरात कुकर दोन होते, एक माणसांचा आणि एक जंतूंचा. बशा, नळ्या, खाद्य सगळं जंतूंच्या कुकरमध्ये शिट्ट्या देऊन निर्जंतुक व्हायचं. ओळख पटावी म्हणून काकूंनी त्याच्या मुठीला दोरा बांधला होता, आणि तरी दोनचारदा त्यातच भात लावला होता. सर तो भात न कुरकुरता खात, आणि असा स्वच्छ भात तालुक्यात कोणाच्या पानात न्हाई असं वर म्हणत. जेली थिजवायला लागायचा चायना ग्रास. तो मिळायचा चौकातल्या मारवाडी शेठच्या दुकानात. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ स्वतः आमच्याहून पक्के जाफराबादचे. चायना ग्रास घेऊन जाणारा माणूस घरी फालुदाच करणार अशी त्यांची खात्री होती, आणि एवढा फालुदा एका घरात कोण खातं हे कोडं त्यांना उलगडत नव्हतं. पुडी बांधताना ते दर वेळी विचारत, "मेहमान येऊन राह्यले का सर?" सर दर वेळी हो म्हणत. शेठ मग वरून थोडी वेलची टाकून देत.

मध विकणाऱ्यांची तर सरांनी दैनाच केली होती. डोंगराकडून पोळं पातेल्यात घेऊन येणारा एक जण दरवर्षी यायचा. इतर गिऱ्हाइकं मध पाण्यात सोडून बघत, वात बुडवून पेटवून बघत आणि घेऊन टाकत. सरांना ही सगळी पोरखेळाची लक्षणं वाटत. ते चमचाभर मध काढून घेत आणि म्हणत, परवा या, निकाल लागेल. तो पातेलं खाली ठेवून माझ्याकडे बघायचा. एकदा मात्र तो न राहवून बोलला: "सर, मध इकायला आल्तो मी. दहावीच्या परीक्षेला न्हाई." पण परवा तो आला. पास झाल्याचं कळल्यावर त्याच्या तोंडावर असा काही आनंद दिसला की त्या वर्षापासून तो पांढऱ्या झाकणाची एक बाटली सरांसाठी वेगळीच काढून आणायला लागला.

सरांच्या काडीनं घडवलेला सगळ्यात मोठा अनर्थ केदारखेड्याला झाला. काकूंच्या भाचीचा साखरपुडा होता. सर वधूपक्षाकडचे ज्येष्ठ पाहुणे, फेटा वगैरे बांधलेला. जेवणं आटोपल्यावर नवऱ्या मुलाचे थोरले काका मांडवात जरा कलंडले आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागले. एवढं उघडं तोंड सरांच्या तावडीतून सुटणं शक्यच नव्हतं. तेवढं एक बरं की सरांनी त्यांना उठवून रीतसर परवानगी मागितली. काकांनी झोपेत मान हलवली. काडी फिरताना मात्र ते पुरते जागे झाले, आणि मुलीकडच्यांनी आमच्या माणसांची तोंडं तपासायला माणूस आणला, कसला आजार आहे का ते बघून राह्यले, अशी बातमी मांडवभर झाली. वरपक्ष उठून जीपकडे निघाला. काकू पुढे झाल्या. त्यांनी पदर खोचला, वरमाईचा हात धरला आणि सांगितलं की इहीणबाई, ह्या माणसानं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याबी दातात काडी घातल्ती. मी तवाच सोडून जायला पाहिजे होतं, न्हाई गेले. तुम्ही तर अजून साखरच वाटली. वरमाई हसल्या, आणि वरपक्ष जीपमधून उतरला. सर या सगळ्या वेळात काडी नळीत नीट बसवून तिला बूच लावत होते.

काकू अशाच होत्या. सरांचं एकही म्हणणं त्यांनी धड मान्य केलं नाही आणि सरांना एक दिवसही एकटं पडू दिलं नाही. सर म्हणाले खिडकी उघड, की त्या दार उघडत. माझ्या दवाखान्याची पहिली पेशंट त्याच. दाढ ठणकत होती. मी यंत्र हातात घेतलं आणि सर काडी घेऊन खुर्चीशी येऊन उभे राहिले. एकदा दाढ साफ झाली की काय उरणार, आधी आपल्याला घेऊ द्यावं, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी आ केला, काडी फिरवून घेतली, तोंड मिटलं आणि मला सांगितलं, "पाहा डॉक्टर, माझे किडे ह्यांच्या मधाला दाद द्यायचे न्हाईत. मी कधी दिली का?" सर म्हणाले, करून पाहतो की. काकू म्हणाल्या, पाहाच. आणि मग ते राहून गेलं. सोयाबीन निघायचं होतं, मग कापूस होता, मग दिवाळीत मुलगा पुण्याहून यायचा होता. सरांना काय घाई होती? जंतू नळीत सुखरूप होते, काकू स्वयंपाकघरात होत्या. त्या हिवाळ्यात काकू एका सकाळी चहा ठेवता ठेवता ओट्याशीच खाली बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत.

मी रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून मागच्या ओट्यावर चहाला जायचे, ते तसंच चालू ठेवलं. बोलायचं काय हा प्रश्न असायचा. सर चहात साखर घालत नाहीत. काकू गेल्यावर ते माझ्याही चहात घालायला विसरायला लागले आणि मी तसाच प्यायला लागले. प्रयोग थांबले नव्हते, पण कडी मोजण्यात त्यांचं पूर्वीचं मन उरलं नव्हतं. एका गोष्टीत मात्र कधी चूक व्हायची नाही. जंतूंना नळीत फार दिवस ठेवता येत नाही, खाद्य संपतं. म्हणून थोडे थोडे दिवस गेले की जुन्या नळीतले जंतू नव्या खाद्यावर सोडावे लागतात. इतरांच्या नळ्यांवर सरांची जुनी पद्धत होती: कंडक्टर, वरचा सुळा; शेठ, अक्कलदाढ; केदारखेडा, झोपलेले काका. त्यांत एका नळीवर नुसतं 'सौ.' एवढंच लिहिलेलं असे. ती नळी ते लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवत, शेजारी मेणबत्तीचा तुकडा पेटवत आणि झाकण लावत. आतली हवा संपली की मेणबत्ती विझते, आणि ह्या जंतूंना कमी हवाच मानवते. सगळ्याच नळ्यांना ते असंच करत, मला ठाऊक होतं. पण 'सौ.'ची मेणबत्ती विझेपर्यंत ते बरणीसमोरून हलत नसत.

ऊब द्यायला त्यांनी लाकडी पेटीत दिवा बसवला होता. आमच्याकडची वीज कधी जाईल आणि कधी येईल हे कोणी सांगावं? एकदा वादळवाऱ्यात खांब पडले आणि दिवसभर वीज नव्हती. दुपारी मी बँकेत गेले तर सर रांगेत उभे, डावा हात छातीवर दाबून. मी त्यांना बाकावर बसवलं, नाडी बघायला लागले, तेव्हा त्यांनी संकोचून सदऱ्याचं वरचं बटण काढलं. बंडीच्या आतल्या खिशात नळी होती. "पेटी गार पडली," ते म्हणाले. "ह्यांना माणसाच्या अंगाचीच ऊब लागती, डॉक्टर. माझ्यापाशी तेवढी हाये अजून." मी बरं म्हणाले. त्यानंतर वीज गेली की बाकीच्यांची पेटी गोधडीत गुंडाळली जाई आणि 'सौ.' सरांबरोबर गावभर फिरून येई.

मग सर गच्चीच्या पायऱ्यांवरून पडले. हाड मोडलं नाही, पण मुलगा धावत आला आणि या वेळी त्यानं ऐकून घेतलं नाही. बाबा, आता एकट्यानं राहायचं नाही, पुण्याला चला, दिवाळी झाली की मी गाडी घेऊन येतो. मुलगा भला आहे, सूनही भली आहे. घरात रांगतं मूल आहे. त्यानं एवढंच मागितलं की बाबा, ते किडे तेवढे तिकडे नकोत. खरं तर दात किडवणारे जंतू तुमच्या-माझ्या तोंडात आहेतच, त्या पोराच्याही तोंडात दात आल्यावर येतील. पण फ्रीजमध्ये दुधाशेजारी नळ्या ठेवायच्या म्हणजे कोणत्याही सुनेच्या अंगावर काटा येणार. मला वाटलं सर भांडतील. ते नुसतं बराबर हाये म्हणाले. त्यामुळे मला जास्तच काळजी वाटली.

दिवाळीनंतर त्यांनी नळ्या निकाली काढायला घेतल्या. जंतूंच्या कुकरमध्ये घालून उकळायच्या, म्हणजे काही मागे राहत नाही. मी मदतीला होते. सर एकेक नळी हातात घेऊन तिच्यावरचं नाव वाचत आणि आत सोडत. कंडक्टर गेले. शेठ गेले. केदारखेड्याचे काका जाताना सर जरा हसले. वीजबिलवाल्याची नळी त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती; तीही गेली. माझी निघाली तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं. कुकरनं शिट्टी दिली आणि बरणीत एकटी 'सौ.' राहिली. मी म्हणाले की ही मी सांभाळते सर, मला दाखवून ठेवा कसं करायचं ते. सरांनी नकारार्थी मान हलवली. ते खुर्चीवर बसले आणि भिंतीकडे बघत बोलले, "तिला करून पाहतो म्हणलं होतं. तेवढं करतो. मधानं मेली तर ती हरली, मंग कुकरात. न्हाई मेली तर संगं नेतो. मंग कोणी काय बी म्हणो."

सरांचा तो डोंगराकडचा मध मी इतक्या बशांमध्ये बघितला होता. त्याच्यापुढे कोणाचेच जंतू टिकलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर एकच बशी होती, तीत काकूंचे जंतू पसरलेले, आणि मधोमध एकच विहीर. जोडीला दुसरी नाही, तुलनेला काही नाही. सरांचं असं काम मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, एकच? ते म्हणाले, एकच बास. फडताळातून त्यांनी दोन बाटल्या काढून समोर ठेवल्या होत्या, पांढऱ्या झाकणाची आणि लाल झाकणाची. त्यांचा हात पांढऱ्या झाकणावर गेला. तिथे बराच वेळ राहिला. मग तो हात उचलला गेला आणि त्यांनी लाल झाकण उघडलं. पाक पातळ असतो, भराभर उतरतो. विहीर भरली. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघायला लागले. उभ्या जन्मात एका मिलिमीटरचं खोटं न बोललेल्या त्या माणसानं बशी बरणीत ठेवली, मेणबत्ती पेटवली, झाकण लावलं आणि ती विझेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. मीही बसले.

निकाल बघायला मी गेले तेव्हा सरांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी बशी उजेडाकडे धरली. पांढुरकी साय विहिरीच्या काठाला अगदी चिकटून उभी होती, कुठे केसाएवढीही फट नाही. "पाहा डॉक्टर," सर म्हणाले, "ऐकलं न्हाई तिनं." त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी म्हणाले, काकू कसल्या ऐकतात, सर. त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच मुलाला लावला. फ्रीजमधे थोडी जागा करून ठेव, ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "किडे न्हाईत रे," सर म्हणाले. "म्हणजे हायेत. तुझ्या आईच्या दातातले हायेत. ती असतानाचे." मग सरांनी मोबाइलवर हात ठेवून मला विचारलं, "डॉक्टर, तो विचारून राह्यला, दारातल्या कप्प्यात चालंल का आत पाहिजे?" मी म्हणाले, आत.

मुलगा गाडी घेऊन आला. सामान फार नव्हतंच. चौकातले शेठ निरोप द्यायला आले, सरांच्या हातात चायना ग्रासची पुडी दिली आणि म्हणाले, पुण्याला चांगला मिळत न्हाई, मेहमान आले की लागंल. सरांनी ती कपाळाला लावून पिशवीत ठेवली. ते पुढच्या सीटवर बसले आणि मुलानं वाकून त्यांचा पट्टा लावला. पट्टा छातीवरून आडवा आला. सरांनी डाव्या बाजूला हात नेला आणि हळूच सांगितलं की इकडून जरा सैल लाव, इकडं आई हाये. मुलानं एकदा वडिलांकडे पाहिलं. मग त्यानं पट्टा ओढून खाली घेतला, त्यांच्या खिशाखालून नेऊन लावला आणि गाडी अगदी सावकाश काढली.

मी मागच्या घरात गेले. किल्ली माझ्याकडेच ठेवली आहे, साफसफाई करायची म्हणून. पेटीतला दिवा बंद होता. दोऱ्याचा कुकर उपडा घातलेला होता. ओट्यावर बसायला जाणार होते, पण चहा कोणाबरोबर प्यायचा? फडताळात पांढऱ्या झाकणाची बाटली भरलेली होती आणि लाल झाकणाची अर्धी. मी लाल झाकण उघडून बोट बुडवलं आणि चाखलं. गूळच होता, चांगला घरचा पाक. मी आणखी एकदा बोट बुडवलं, मग आणखी एकदा. गोड खाल्लं की लगेच चूळ भरा, हे मी दिवसातून किती जणांना सांगते त्याला गणती नाही. त्या दिवशी मी चूळ भरली नाही.